पोलीडोरोसच्या अकरा झाडांचं तेल

सरकारी कागदांनुसार माझ्या वडिलांच्या जमिनीत एकही झाड नाही. आहे ती खडकाळ माळजमीन, शेळ्या चारण्याजोगी. शेळ्याही कागदावरच्याच असाव्यात, कारण मी आजवर तिथे एकही पाहिलेली नाही. ऑलिव्हची झाडं मात्र पाहिली आहेत. अकरा. त्यांतल्या एकावरून पडून लहानपणी माझा पुढचा दात तुटला. पुढे त्या जागी नवा दात ज्याने बसवला, तो माणूस या हकिकतीत येणार आहे आणि शेवटपर्यंत राहणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात झाली ती ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी, मिरसिनीताईच्या जेवणाच्या टेबलावर. ताईला उन्हाळ्यात दुसरा मुलगा झाला होता. आमच्या बेटावर दुसऱ्या मुलाला आईच्या वडिलांचं नाव मिळतं. म्हणजे आमच्या बाबांचं, पोलीडोरोस. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून हे नाव कोणी हाक म्हणून वापरलेलं नव्हतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्री विचारतो, मुलाचं नाव काय, आणि ते चर्चमध्ये पहिल्यांदा मोठ्याने सांगायचा मान धर्मपित्याचा असतो. तोवर मूल नुसतं 'बाळ' असतं. बाळाला नखशिखांत तेल चोळायचं तेही धर्मपित्यानेच, आणि तेलाची बाटली आणायची तीही त्यानेच.

मला ते नाव सांगायचं होतं. एवढंच. माणसं याहून मोठ्या गोष्टी मागतात आणि त्यांना मिळतातही.

तर मी मटणाचा तुकडा ताटात ठेवला आणि जाहीर केलं की या खेपेला धर्मपिता मी होणार, आणि तेल बाबांच्या झाडांचं असणार, मी स्वतः काढलेलं. अपोस्तोलिसदाजी सूपमध्ये हसले, त्याचे शिंतोडे पावापर्यंत आले. ताईने मीठ इकडून तिकडे ठेवलं.

या हसण्याला कारण होतं. ताईच्या लग्नात वधूवरांच्या डोक्यावर घालायचे मुकुट अथेन्सहून आणायचं काम माझ्याकडे होतं. मी ते आणलेही. फक्त जहाजातून उतरताना मी उतरलो आणि मुकुट उतरले नाहीत. ते त्याच जहाजाने परत अथेन्सच्या बंदरात, पिरेयसला गेले. ताईदाजींचं लग्न शेजारच्या स्त्रातिसकाकांच्या मुकुटांवर लागलं, जे काकूंनी स्वतःच्या लग्नापासून पलंगाच्या वर टांगलेल्या काचेच्या पेटीतून कुरकुरत काढून दिले होते. तेव्हापासून दाजींशी भांडण झालं की ताई म्हणते, हे लग्न आपलं नाहीच, काकांचं आहे. आणि मी बंदरावरच्या खिडकीत बसून त्याच जहाजाची तिकिटं विकतो. रोज सकाळी ते जहाज माझ्याकडे बघत धक्क्याला लागतं.

"तेल आणलंस तर नाव तू सांग," ताई शेवटी म्हणाली. "नाही आणलंस तर लेओनिदास आहेच."

लेओनिदास हा दाजींचा चुलतभाऊ, मितिलिनी शहरात दातांचा डॉक्टर. पहिल्या मुलाचा धर्मपिता तोच. माझा दात त्याचाच. तो टेबलाशी बसलेला होता आणि माझ्याकडे पाहून प्रेमाने हसला. मीही हसलो, म्हणजे त्याच्याच दाताने हसलो.

ऑलिव्ह कधी काढायचे या प्रश्नावर आमच्या गावात दोन मतं आहेत आणि कॉफीच्या दुकानात त्यांची दोन टेबलं आहेत. चारशे झाडांचे मालक असलेले स्त्रातिसकाका हिरव्यांच्या टेबलावर बसतात. ते म्हणाले, नोव्हेंबरात काढ, हिरवे असताना, तेल कमी निघेल पण तेल निघेल. खिडकीजवळचं टेबल म्हणालं, काळे होऊ दे, भरपूर पडेल, बाळ मोठं आहे. मी बाळाचं वजन सांगितलं. त्यावर दोन्ही टेबलांनी माझ्या बाबांबद्दल चांगलं बोलून घेतलं, म्हणजे बाबा ऑलिव्ह कधी काढायचे हे कोणालाच आठवत नव्हतं. मी दोघांचाही मान राखायचा ठरवला आणि मधला दिवस शोधत बसलो. असा शोधत शोधत जानेवारी उजाडला. स्त्रातिसकाका तोवर काठ्या-जाळी धुऊन मोकळे झाले होते. ती त्यांनी मला वापरायला दिली, वर म्हणाले, "जाळी जहाजात विसरू नकोस."

खाली जाळी पसरून अकरा झाडं मी चार दिवसांत झोडपली. अंग असं दुखलं की तिकीट फाडताना माझ्या तोंडून आवाज येई आणि प्रवासी विचारत, समुद्र खवळलाय का. चौथ्या दिवशी एर्मिओनीआत्या खुर्ची घेऊन आली आणि झाडाखाली बसली. मला वाटलं, भाच्याचं कौतुक. आत्या म्हणाली, "तीन झाडं माझी आहेत."

हे खरं होतं. आमच्याकडे जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असं जुन्या काळापासून चालतं. आजोबांनी जमीन बाबांना दिली आणि तीन झाडं आत्याला हुंड्यात. चौथं एक झाड चर्चचं, त्याचं तेल संतांच्या तसबिरीपुढच्या दिव्याला. हे सगळं मला माहीत होतं. पण जाळ्याला माहीत नव्हतं. अकराही झाडांची फळं माझ्या मागे, पोत्यांत, एकमेकांत मिसळून पडलेली होती. आत्याने एका पोत्यात हात घातला, मूठभर ऑलिव्ह काढले आणि त्यांतले निवडून एप्रनमध्ये टाकायला सुरुवात केली.

मी विचारलं, ओळखता येतात?

"माझ्या लग्नाचे आहेत," आत्या म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिने दोन वाट्या ओळखले. मग कंबर धरली तेव्हा तह झाला: आत्याला तिच्या वाट्याचं तेल द्यायचं आणि चर्चला चर्चच्या. पुढे ओळखू यावीत म्हणून तिच्या तीन झाडांवर निळी चिंधी बांधायची कबुलीही तिने घेतली. चिंधी बांधायची राहून गेली, हे लक्षात ठेवा.

पोती घेऊन मी मिल्तिआदिसच्या तेलाच्या घाण्यावर गेलो. मिल्तिआदिस बोलतो कमी, कारण घाण्याच्या आवाजात पंचवीस वर्षं बोलून त्याला कंटाळा आला आहे. त्याने पोत्यांकडे बघून दोन गोष्टी सांगितल्या. एक, तीनशे किलोच्या खाली माल वेगळा पिळत नाही, तो दुसऱ्याच्या मालात जातो. माझा भरला दोनशे चाळीस. दोन, जमिनीचा नोंदणी क्रमांक आणि त्यावर झाडं असल्याचा दाखला लागतो, तो आणल्याशिवाय माल आत येत नाही.

तिथे स्त्रातिसकाका उभे होते. त्यांचा शेवटचा माल चालला होता. ते सहज म्हणाले, "माझ्यात टाक. माझ्या नावावर. तुझ्या वाट्याचं तेल घेऊन जा."

मिल्तिआदिसने मान हलवली. पाच मिनिटांचं काम होतं. इथे मला सांगावंसं वाटतं की मी गर्विष्ठ माणूस नाही. पण काकांच्या मुकुटांवर ताईचं लग्न लागलं होतं. आता काकांच्या तेलात बाळाचा बाप्तिस्मा झाला असता, तर काकांनी पुढे आमचं काय काय चालवलं असतं याला काही मर्यादा राहिली नसती. मी म्हणालो, बाबांचं तेल बाबांच्याच झाडांचं हवं, एक थेंब दुसरा नको. काका म्हणाले, "तुझी मर्जी," आणि टोपी घातली.

साठ किलो कमी पडतात त्याचं पुढे बघू म्हणत मी पोती घरी आणली आणि कोठारात रचली. पोती प्लास्टिकची होती.

हे वाक्य वाचून आमच्या बेटावरचा कोणीही माणूस पुस्तक मिटून बाहेर जाऊन येईल. काढलेले ऑलिव्ह प्लास्टिकच्या पोत्यात ठेवत नाहीत. फार तर एक दिवस. त्यांना आत ऊब धरते, मग बुरशी. हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मलाही होतं. पण मला वाटलं, भूमिअभिलेख कचेरीत दाखला आणायला किती वेळ लागणार, एक दिवस.

कचेरीतल्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं की या जमिनीत झाडं नाहीत. मी म्हणालो, आहेत. बाई म्हणाल्या, कुठे. मी म्हणालो, जमिनीत. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तिथे हिरव्या चौकोनात लिहिलं होतं, माळ. मी तोंड उघडून पुढचा दात दाखवला आणि तो कसा तुटला ते सांगितलं. बाईंनी सहानुभूतीने ऐकलं आणि म्हणाल्या, तो पडल्याचा पुरावा झाला, झाडाचा नाही. झाड असल्याचा दाखला कृषी अधिकारी जागेवर येऊन देतात. ते मंगळवारी बसतात.

मंगळवारी कृषी अधिकारी बसलेले नव्हते. रजेवर होते. त्यांच्या गावी त्यांचे स्वतःचे ऑलिव्ह काढायचे चालले होते. मी विचारलं, त्यांच्या झाडांचा दाखला कोणी दिला. बाई म्हणाल्या, त्यांनीच ना.

पुढच्या मंगळवारी ते आले आणि कागद बघून म्हणाले, वारस दोन आहेत, बहिणीची सही लागेल. ताईची सही आणायला ताईला सांगावं लागणार होतं की तेल अजून निघालेलं नाही. मी तिला म्हणालो, जहाज कंपनीचा एक अर्ज आहे. ताईने न वाचता सही केली. आमच्या घरात मला कोणी एवढ्या विश्वासाने वागवल्याची ती शेवटची वेळ.

मग अधिकारी जमिनीवर आले. चष्मा लावून अकरा झाडं मोजली, मग परत मोजली. म्हणाले, झाडं आहेत. असं म्हणताना त्यांना जरा आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. मी त्यांना मिठी मारली. परतताना माझ्या घराच्या कोठाराजवळ त्यांनी नाक आक्रसलं आणि विचारलं, इथे काही मेलंय का.

पोती कोठारात एकोणीस दिवस राहिली होती.

घाणा त्या आठवड्यात बंद व्हायचा होता. सगळ्या गावाचा माल पिळून झाला होता आणि यंत्र धुवायच्या आधी काहीतरी त्यातून फिरवायचंच होतं, म्हणून मिल्तिआदिसने माझा माल एकट्याचा पिळला. म्हणजे मला हवं होतं तसंच झालं. बाबांच्या झाडांचं, दुसऱ्याचा एक थेंब नसलेलं तेल नळीतून बाहेर आलं. रंग गढूळ पिवळा, खोकल्याच्या औषधासारखा. मिल्तिआदिसने पावाचा तुकडा बुडवला, चघळला, बाहेर गेला, नळ सोडल्याचा आवाज आला. परत येऊन त्याने आम्लता तपासली. चांगल्या तेलाची एकच्या आत असते. माझी सात निघाली.

"खायचं नाही," मिल्तिआदिस म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं ते सर्वांत लांब भाषण होतं असं नंतर कळलं.

ताईकडे नेलेल्या बाटलीला मी लाल रिबन बांधली होती. ताईने बूच काढलं, हुंगलं आणि बूच परत लावलं. दाजी म्हणाले, "याने आमच्या दाराचं कुरकुरणं थांबेल बघ." मी म्हणालो, बाप्तिस्म्याचं तेल खायचं थोडंच असतं, अंगाला लावायचं असतं. ताई म्हणाली, मग आधी स्वतःच्या अंगाला लाव. मी लावलं. पोटावर. दुसऱ्या दिवशी पुरळ आलं. ते लोकरीच्या बनियनमुळे आलं होतं, पण ही गोष्ट आजही माझ्याशिवाय कोणाला पटलेली नाही.

ताई म्हणाली, पाद्रीबाबांना विचार. पाद्रीबाबा भले माणूस आहेत. चर्चच्या झाडाचा वाटा त्यांनी कौतुकाने घेतला आणि संतापुढच्या दिव्यात घातला. तीन दिवसांनी त्यांनी मला बोलावून संत दाखवले. दिवा इतका धुमसला होता की संतांचा चेहरा कपाळापासून दाढीपर्यंत एकच दाढी झाला होता. दोन म्हाताऱ्या त्याला चमत्कार समजून रडत उभ्या होत्या आणि पाद्रीबाबांना त्यांचा गैरसमज दूर करायचं जिवावर आलं होतं.

"इग्नातिस, तेलाला आशीर्वाद मी देऊ शकतो," पाद्रीबाबा म्हणाले, "वास काढणं माझ्या हातात नाही."

तरीही मी आशा सोडली नसती. पण आत्याचा वाटा आत्याकडे होता. एर्मिओनीआत्या दृष्ट काढते. ताटलीतल्या पाण्यात तेलाचा थेंब सोडते. थेंब गोल राहिला तर माणूस ठीक, पसरला तर दृष्ट लागलेली. मग ती मंत्र पुटपुटते आणि जांभया देते. जितकी दृष्ट कडक, तितक्या जांभया. चाळीस वर्षांत तिने चांगलं तेल वापरलं होतं आणि दहांतल्या एखाद्याला दृष्ट लागलेली निघत होती. माझं तेल पाण्यात पडलं की लगेच पसरायचं, कोणाचंही असो. फेब्रुवारीत आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना दृष्ट लागलेली निघाली. मग कोंबड्यांना. स्त्रातिसकाकांना दोनदा. लोकांनी एकमेकांकडे संशयाने बघायला सुरुवात केली, दोन घरांचं बोलणं बंद झालं. आत्या सकाळपासून जांभया देत होती आणि एका गुरुवारी, काकांच्या तिसऱ्या वेळी, तिचा जबडा उघडला तो मिटलाच नाही.

जबडा बसवायला लेओनिदास आला. शहरातून, दवाखाना बंद करून. त्याने आत्याचे गाल धरले, काहीतरी केलं आणि टक् असा आवाज झाला. आत्याचं पहिलं वाक्य होतं, "हा मुलगा." मग माझ्याकडे बघून तिने वाक्य पुरं केलं नाही.

त्या रविवारी ताई माझ्या तिकिटाच्या खिडकीवर आली. ती कधी येत नाही. जहाज लागलेलं होतं, रांग होती, तरी ती रांगेत उभी राहून आली.

"लेओनिदासला सांगितलंय," ती म्हणाली.

मी विचारलं, काकांचं तेल आणलं तर? आत्ता आणतो.

"तुझी अट बाबांच्या तेलाची होती, इग्ना. माझी नव्हती. काकांनी त्यांच्या नावावर घाल म्हणून सांगितलं होतं ना? मला सगळं कळलं. मला तू हवा होतास रे. तेल कुठलंही चाललं असतं."

मागचा माणूस म्हणाला, दोन पिरेयस. मी फाडून दिली.

उरलेल्या तेलाचं काय करायचं यावर कॉफीच्या दुकानातल्या दोन्ही टेबलांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं: साबण. वाईट तेलाचा साबण चांगला होतो. आत्याने परसात कढई मांडली, कॉस्टिक सोडा घातला, मला ढवळायला लावलं आणि स्वतः तोंड मिटून देखरेख केली. चाळीस वड्या निघाल्या. त्या फळीवर वाळत ठेवल्या आणि दोन महिने वाळल्या. साबण खरंच चांगला झाला. पांढरट, घट्ट, कसलाही वास नसलेला. सगळं वाईट सोड्याने खाऊन टाकलं होतं.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा होता. बाप्तिस्म्याला तेल लागतं तसा साबणही लागतो. बाळाला तेल चोळून झालं की धर्मपित्याला हात धुवावे लागतात. ताईने निरोप पाठवला, साबण तू आण. बाबांच्याच झाडांचा आहे शेवटी. मी नवा सूट घातला आणि एक वडी पांढऱ्या कागदात गुंडाळून नेली. जहाजात विसरायचा प्रश्न नव्हता, चर्च घरापासून चालत आहे.

लेओनिदासने तेलाची बाटली आणली होती, दुकानातली. लेबल काढायला तो विसरला होता. त्यावर दुसऱ्या कुठल्याशा बेटावरच्या पवनचक्क्या होत्या. संतांचा चेहरा घासून घेतलेला होता आणि ते जरा लाजल्यासारखे दिसत होते. बाळ उघडं होतं आणि माझ्याकडे बघत होतं.

पाद्रीबाबांनी विचारलं, मुलाचं नाव काय?

"पोलीडोरोस," लेओनिदास म्हणाला. अगदी स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं. दात चांगले असले की असं येतं. तीन वर्षांनी कोणीतरी बाबांना हाक मारल्यासारखं झालं आणि सगळं चर्च लेओनिदासकडे वळलं. मीही वळलो.

मग त्याने बाळाला तेल चोळलं, कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, कामात कुठे कसर ठेवली नाही. पाद्रीबाबांनी बाळाला घंगाळात तीनदा बुडवलं. बाळ रडलं, ताई रडली, दाजींनी फोटो काढले. मी तस्त आणि तांब्या धरून उभा होतो. लेओनिदासने कोपरापर्यंत बाह्या सरकवून हात पुढे केले. मी पाणी घातलं. त्याने बाबांच्या झाडांचा साबण चांगला फेस येईपर्यंत हातांत फिरवला, धुतला, बोटं हुंगली.

"फार छान साबण आहे, इग्नातिस," तो मनापासून म्हणाला. "तेलाचा मागमूस राहिला नाही."

त्या पाण्यात पवित्र तेल उतरलेलं असतं, म्हणून ते गटारात टाकायचं नसतं. पाय पडणार नाहीत अशा जागी ओतायचं. पाद्रीबाबा म्हणाले, एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ओत. सगळे अंगणात मिठाई खायला गेले आणि मी तस्त दोन्ही हातांनी धरून, नव्या सुटात, चर्चमागच्या पायवाटेने बाबांच्या जमिनीत गेलो. झाडांना बारीक पांढरी फुलं आली होती. मी त्यातल्या त्यात बरं झाड निवडलं आणि पाणी हळूहळू, एका बाजूने सांडू न देता, त्याच्या मुळाशी ओतलं. फेस मातीवर थोडा वेळ राहिला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी एकदा "पोलीडोरोस" म्हणून पाहिलं. आवाज बरा आला. विचारलं कोणीच नव्हतं.

वर रस्त्यावरून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. एर्मिओनीआत्या होती, मांडीवर मिठाईची ताटली घेऊन.

"इग्ना, ते झाड माझं आहे," ती म्हणाली. "तुझी झाडं पलीकडे."

मी तस्त तिरपं करून पाहिलं. आत काही उरलं नव्हतं.